नवा सुपरवायझर आणि वाईट बातमी : पहिल्या तीन महिन्यांसाठी मार्गदर्शन

चाकण, भोसरी, वाळूज किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या ऑपरेटरला बढती मिळून तो उत्पादनाच्या लाइनचा सुपरवायझर होतो, तेव्हा त्याला मशीनविषयी बहुतेक सारे ठाऊक असते आणि माणसांविषयी कोणी काहीच शिकवलेले नसते. काल दुपारपर्यंत ज्यांच्याबरोबर कँटीनच्या एकाच बाकावर बसून तो जेवत होता, त्यांच्या रजेच्या अर्जावर आज त्याची सही लागते. हा लेख अशा माणसासाठी आहे. माझे आयुष्य शॉपफ्लोअरवर, म्हणजे कारखान्यात मशीनजवळ, गेल्यामुळे उदाहरणे तिथलीच आहेत. कार्यालयात किंवा सॉफ्टवेअरच्या कामात नव्याने प्रमुख झालेल्यांनी मशीनच्या जागी आपले काम ठेवून तो वाचावा.

विश्वास हा शब्द भाषणांत फार स्वस्त झाला आहे, म्हणून आधी त्याचे माप ठरवून घेऊ. लाइनवर काही बिघडले तर ते तुम्हाला किती वेळात कळते, आणि ज्याच्या हातून बिघडले त्याच्याच तोंडून कळते की क्वालिटीवाल्यांकडून, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या की तुमच्यावर माणसांचा किती विश्वास आहे ते समजते.

हे माप मला उशिरा आणि महागात कळले. मी नवा असताना एका रात्रपाळीत संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारे पाते, बदलल्यानंतर ऑफसेट, म्हणजे त्या पात्याच्या जागेचा आकडा, चुकीचा भरला गेला आणि बोअर, म्हणजे पीसमधले छिद्र, मोठा येऊ लागला. ऑपरेटरच्या ते थोड्या वेळाने लक्षात आले. त्याने ऑफसेट गुपचूप दुरुस्त केला आणि काम पुढे चालू ठेवले, पण आधीचे तीस-चाळीस पीस तोवर चांगल्या मालात मिसळून गेले होते. सकाळी सगळा लॉट एक-एक करून हाताने तपासावा लागला. त्या मुलाला मी विचारले की रात्रीच का सांगितले नाहीस, तेव्हा तो खाली पाहत गप्प राहिला. उत्तर मलाच माहीत होते, कारण आठवडाभरापूर्वी त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या पोराला मी सगळ्यांसमोर झापले होते आणि ते त्याने उभ्या-उभ्या पाहिले होते.

पाळी हातात घेण्याआधी

आधीच्या सुपरवायझरबरोबर तासभर बसा आणि सोबत वही घ्या. तो तुम्हाला माणसांविषयी मते सांगेल, की अमुक कामचुकार आहे, तमुक युनियनचा माणूस आहे, फलाण्याला रात्रपाळी देऊ नका; ती ऐकून घ्या, पण वहीत लिहू नका, कारण एकदा लिहिलेले मत पुसायला फार वेळ लागतो. लिहायचे ते वेगळेच. त्याला विचारा, ‘तुम्ही कोणाला काय कबूल केले होते आणि त्यातले काय अजून राहिले आहे?’ कोणाची रजा तोंडी मंजूर झालेली असते, कोणाला नवे सेफ्टी शूज मिळायचे असतात, कोणाला मशीन बदलून देतो असे सांगितलेले असते. नव्या सुपरवायझरकडे माणसे फार अपेक्षेने पाहत नाहीत, पण जुन्याने दिलेला शब्द नव्या माणसाने कोणी न सांगता पाळला, तर ती गोष्ट दुपारपर्यंत सगळ्या लाइनवर पसरते.

त्याच बैठकीत कायम, कंत्राटी, ट्रेनी आणि अप्रेंटिस अशी चारही प्रकारची माणसे नावाने माहीत करून घ्या. कंत्राटी मुलांना ‘ए कंत्राटवाले’ अशी हाक मारण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. जो तुमच्यासाठी आठ तास उभा राहतो त्याचे नाव तुम्हाला येत नसेल, तर मशीनचा आवाज बदलला आहे हे तो तुम्हाला धावत येऊन का सांगेल?

पहिली पाळी

पहिल्या दिवशी पाळी सुरू होताना सगळ्यांना दहा मिनिटे एकत्र बोलवावे, आणि त्यातली सात मिनिटे आपण बोलू नये. जुन्या मित्रांपुढे उभे राहून एकदम साहेबी सूर लावणे जितके हास्यास्पद दिसते, तितकेच ‘मी तुमच्यातलाच आहे, काही बदलले नाही’ असे म्हणणे खोटे असते, कारण बदलले आहे आणि ते प्रत्येकाला दिसते आहे. साध्या शब्दांत एवढे सांगावे : ‘आजपासून लाइनची जबाबदारी माझ्याकडे आहे. काही बिघडले तर मला लगेच सांगा, कितीही वाजले असले तरी. सांगितल्याबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत. लपवले तर मात्र विचारणा होईल.’ हे बोलून थांबावे.

हाक कशी मारायची हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. ज्यांना तुम्ही आजवर मामा किंवा काका म्हणत आलात, त्यांना मामा-काकाच म्हणत राहा आणि अहो-जाहोही सोडू नका; बढतीमुळे वय बदलत नाही. बरोबरीचा मित्र तुम्हाला सगळ्यांसमोर साहेब म्हणू लागला आणि एकटा असताना अरे-तुरे करू लागला, तर ते चालू द्या, त्यावर विनोद करू नका. त्याला नवी घडी बसवायला तुमच्याइतकाच वेळ लागणार आहे.

पहिल्या आठवड्यात आश्वासने फार द्यायची नाहीत. एक किंवा दोन द्यायची, आणि तीही तुमच्या हातात असलेलीच. बंद पडलेला पंखा, फाटलेले हातमोजे, गळणारा कूलंटचा पाइप, टोकन संपल्यामुळे रात्री न मिळणारा चहा, अशा गोष्टींसाठी तारीख सांगावी आणि त्या तारखेला त्या झालेल्या असाव्यात. झाल्या नाहीत तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगावे की झाले नाही, स्टोअरमध्ये माल नाही, नवी तारीख ही. कायम करून घेणे, पगारवाढ, ओव्हरटाइमचा दर या गोष्टींबद्दल ‘बघू’ असेही म्हणू नये. आपल्याकडे साहेबाचे ‘बघू’ म्हणजे अर्धे ‘हो’ असते, आणि ते अर्धे ‘हो’ माणूस घरी जाऊन बायकोला सांगतो.

रोजचा फेरा

पाळीच्या पंधरा मिनिटे आधी पोहोचावे, लॉगबुक वाचावे, आणि मागच्या पाळीकडून ताबा केबिनमध्ये न घेता मशीनजवळ उभे राहून घ्यावा. केबिनमधल्या हँडओव्हरमध्ये सगळे ‘ओके’ असते. मशीनजवळ गेल्यावर जमिनीवर सांडलेले तेल दिसते आणि मग ते कशाने सांडले हेही विचारता येते.

नंतर पाळीत दोनदा तरी पूर्ण लाइन फिरावी, मोबाइल खिशात ठेवून. ‘काही अडचण?’ असे विचारले तर उत्तर ‘काही नाही साहेब’ हेच येणार, कारण तो प्रश्न विचारणाऱ्याच्याच मनात उत्तर ऐकण्याची तयारी नसते. त्याऐवजी, ‘आज कुठल्या पीसला सगळ्यात जास्त वेळ लागतोय?’, ‘हा माप तपासायचा गेज दिवसात किती वेळा अडकतो?’, ‘काल रात्री मशीन थांबले तेव्हा मेंटेनन्स किती वेळाने आले?’ असे विचारावे. अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही आणि विचारणाऱ्याला काम कळते हेही समोरच्याला समजते. जे सांगितले ते त्याच्यासमोर वहीत लिहा. पुढच्या फेऱ्यात त्याच गोष्टीचे काय झाले ते स्वतःहून सांगा, अगदी काही झाले नसले तरी.

वाईट बातमी येते तेव्हाची पाच मिनिटे

सुपरवायझर म्हणून तुमची परीक्षा महिन्याच्या आढावा बैठकीत होत नाही. एखादा ऑपरेटर हातात पीस घेऊन तुमच्याकडे चालत येतो आणि त्याचा चेहरा उतरलेला असतो, तेव्हा ती होते. त्या पाच मिनिटांचा क्रम आधीच पाठ करून ठेवावा, कारण राग आलेला असताना माणसाला नवे सुचत नाही.

पहिले वाक्य ‘बरे झाले लगेच सांगितलेस’ हेच असावे. ते मनापासून निघाले नाही तरी तोंडातून निघाले पाहिजे. मन पाठोपाठ येते. दुसरे काम मशीन थांबवून शेवटचा चांगला पीस शोधणे, आणि तिथपासूनचा सगळा माल लाल ट्रेमध्ये वेगळा ठेवून त्याला टॅग लावणे. तिसरे काम क्वालिटीला आणि तुमच्या वरिष्ठांना तुम्ही स्वतः फोन करणे. त्यात ऑपरेटरचे नाव घ्यायचे नाही. ‘आमच्या पाळीत असे झाले आहे, माल बाजूला काढला आहे’ एवढेच सांगायचे. कोणाच्या हातून, का आणि कसे झाले हे सगळे त्यानंतर. हा क्रम उलटा झाला आणि ‘कोणी केले?’ हा प्रश्न आधी आला, तर त्या दिवसाचा माल कदाचित वाचेल, पण पुढच्या वेळी पीस घेऊन कोणी चालत येणार नाही.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी विद्यार्थिदशेत रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. चांगल्या गटांत औषधे देण्यातल्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. अधिक खोलात गेल्यावर उलगडले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. उरलेल्या गटांत त्या दडवल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून चूक कबूल करण्याची भीती नसणे आणि गटाने शिकत जाणे यांचा संबंध पुढे आला. आपल्या कारखान्याच्या भाषेत याचा अर्थ असा की ज्या पाळीच्या रजिस्टरमध्ये महिनाभर एकही चूक नाही, त्या पाळीचे कौतुक करण्याआधी जरा थांबावे.

टोयोटाने हेच एका दोरीत बांधले. तिथल्या जुळणीच्या लाइनवर काम करणाऱ्या कोणाही माणसाला काही खटकले तर तो डोक्यावरची दोरी ओढतो, दिवा लागतो, आणि गटाचा प्रमुख त्याच्याजवळ येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत पोहोचेस्तोवर प्रश्न सुटला नाही तरच लाइन थांबते. आपल्याकडेही अनेक कारखान्यांत असे अडचण दाखवणारे दिवे, म्हणजे अँडनचे दिवे, लावलेले आहेत. पण मी असेही कारखाने पाहिले आहेत जिथे लाल दिवा लागला की सुपरवायझर लांबूनच ‘काय रे, परत?’ असे ओरडतो. त्या तीन शब्दांनी लाखांची यंत्रणा शोभेची होते. दिवा लागल्यावर तुम्ही चालत जाता की ओरडता, आणि जाऊन आधी माणसाकडे पाहता की घड्याळाकडे, हे लाइनवरचा प्रत्येक जण पाहत असतो.

जबाबदारी कशी मागावी

इथे काही नवे सुपरवायझर गोंधळतात. बोलणी बसणार नाहीत असे सांगितले म्हणजे कोणाला काही विचारायचेच नाही, असा त्यांचा समज होतो, आणि दोन महिन्यांत लाइन सैल पडते. चूक झाल्यावर आधी एवढे ठरवावे की ती न कळल्यामुळे झाली, कळत असून हातून निसटली, की कळून-सवरून केली.

न कळल्यामुळे झाली असेल तर दोष बहुधा शिकवणाऱ्याचा असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी सरकारी प्रशिक्षण योजना चालवली गेली आणि युद्धानंतर ती जपानने उचलली. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवले नाही, हे तिचे गृहीतक होते. आधी माणसाची भीती घालवून तयारी करून घ्यायची, मग काम करून दाखवायचे, मग त्याच्याकडून ते बोलत-बोलत करून घ्यायचे, आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून मधून-मधून पाहत राहायचे, अशा चार पायऱ्या तिने ठरवल्या होत्या. आपण बहुतेकदा दुसऱ्या पायरीवर थांबतो : ‘दाखवले ना तुला काल?’

हातून निसटलेली चूक असेल तर पुन्हा कोणाचीही निसटू नये अशी सोय शोधावी, आणि ती त्याच माणसाला सुचवायला लावावी. मग कोण करणार, काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन शब्दांत फळ्यावर लिहावे. ‘सगळ्यांनी लक्ष द्यावे’ असे लिहिले की त्याकडे कोणीच लक्ष देत नाही. त्याच फळ्यावर तुमच्याकडे आलेली कामेही तुमच्या नावाने लिहिलेली असावीत, आणि तारीख टळली तर सगळ्यांना दिसावी. माझ्या नावापुढे लाल खूण लागली त्या आठवड्यापासून लोकांनी आपापल्या लाल खुणा निमूटपणे मान्य करायला सुरुवात केली.

तिसरा प्रकार अवघड आहे. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक, म्हणजे वरून येणारा दाब, पडू नये अशी व्यवस्था असते, ती हात वाचावेत म्हणून. वेग वाढवण्यासाठी एखादा माणूस एक बटण पट्टी लावून कायमचे दाबून ठेवतो. हे दिसल्यावर मशीन त्याच क्षणी थांबवावे, माणसाला बाजूला घेऊन बोलावे आणि कारखान्याच्या नियमाप्रमाणे लेखी नोंद करावी. इथे मैत्री, उत्पादनाचा ताण, महिनाअखेर यांतले काहीही मध्ये येऊ देऊ नये. पण आरशातही पाहावे. महिनाअखेरीला तुम्ही त्या प्रेसजवळून तीनदा गेलात आणि पट्टी दिसूनही काही बोलला नाहीत, तर ती पट्टी तुमच्या परवानगीने लागली होती असेच लाइन मानते, आणि नंतर दिलेली ताकीद तिला ढोंग वाटते.

ताकीद नेहमी एकांतात द्यावी आणि ती कामाविषयी असावी. लेखी लिहिताना ‘बेजबाबदार आहे’ असे लिहू नये. तारीख, वेळ, मशीन क्रमांक आणि काय दिसले ते लिहावे. तुमची निष्पक्षता मात्र सगळ्यांत आधी तुमच्या जुन्या मित्रावर तपासली जाईल. तो दहा मिनिटे उशिरा आला आणि तुम्ही दुसरीकडे पाहिलेत, तर त्या दिवसानंतर कोणाचाही उशीर तुम्हाला विचारता येणार नाही.

लैंगिक छळाची तक्रार तुमच्या कानावर आली, तर ती ‘आपसात मिटवण्याचा’ अधिकार तुम्हाला नाही हे पक्के लक्षात ठेवावे. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार करणाऱ्या ताईंना तिथपर्यंत पोहोचण्यास मदत करणे आणि बाहेर एक शब्दही न बोलणे, एवढेच तुमचे काम.

रजा, गाव आणि घर

माणसांशी नाते जोडावे असे सगळे सांगतात. ते करावे कसे, याचे माझे उत्तर रजेच्या तक्त्यात आहे. जानेवारीतच एक मोठे कॅलेंडर लाइनजवळ लावा आणि प्रत्येकाला आपल्या अडलेल्या तारखा त्यावर लिहू द्या. लातूर-बीडकडच्या माणसाला पेरणीला आणि काढणीला जायचे असते, कोणाच्या घरात आषाढीची वारी कधी चुकलेली नसते, कोणाच्या गावची जत्रा चैत्रात असते, कोणाला ईदला घरी पोहोचायचे असते. बिहारच्या मुलांना दिवाळीपेक्षा तिच्यानंतर सहाव्या दिवशी येणारी छठ मोठी. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे त्या मुलाला रजेचे ‘हो’ किंवा ‘नाही’ दिवाळीच्या तोंडावर सांगून काहीच उपयोग नसतो. ते त्याला ऑगस्टमध्येच हवे असते. रजा नाकारावी लागली तरी वेळेवर नाकारलेली रजा माणूस समजून घेतो. शेवटच्या दिवशी मेहेरबानी म्हणून मंजूर केलेली रजा मात्र तो विसरत नाही, आणि ती चांगल्या अर्थाने नव्हे.

तारखा एकमेकांवर आल्या की निवाडा स्वतः करण्याआधी त्या माणसांनाच एकत्र बसवा. वारीला जाणारे मामा छठच्या वेळी जादा पाळी करतात आणि छठला जाणारा मुलगा आषाढीत त्यांची जागा भरतो, अशी अदलाबदल मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती ठरवताना दोघांना एकमेकांच्या घराविषयी जे कळते, ते कुठल्याही स्नेहसंमेलनात कळत नाही.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा हार घालण्याचा मान ज्या हातांनी ती मशीन वर्षभर चालवली त्यांना द्यावा, कंत्राटी असला तरी. फोटोसाठी साहेब पुढे आणि ऑपरेटर मागे, हे दृश्य फार जुने झाले.

मर्यादाही पाळाव्यात. पैसे उसने देऊ नयेत आणि घेऊ तर मुळीच नयेत. माणूस सांगेल तेवढेच घरचे ऐकावे, खोदून विचारू नये. चार आवडत्या माणसांचा वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नये. तो गुप्त राहत नाही. रात्री उशिरा ग्रुपवर कामाचे संदेश टाकण्याची सवय तर पहिल्याच आठवड्यात मोडावी.

तीन महिने झाल्यावर

नव्वद दिवसांनी लॉगबुक घेऊन पहिल्या आठवड्याची पाने आणि या आठवड्याची पाने शेजारी-शेजारी ठेवा. पहिल्या पानांवर बहुतेक नोंदी तुमच्या अक्षरातल्या असतील. आता ऑपरेटरांच्या अक्षरातल्या किती आहेत ते मोजा, आणि त्यांत ‘माझ्याकडून’ हा शब्द कुठे आला आहे का ते पाहा. अजूनही पानामागून पान ‘सर्व ओके’ असेल, तर चहाच्या सुट्टीत लाइनवरच्या सगळ्यांत अबोल माणसाशेजारी जाऊन बसा, आणि गेल्या महिन्यात तुमचे स्वतःचे काय चुकले ते आधी त्याला सांगा.